‘म्हाताऱ्यांना ढाक्याला नेऊन काय साधतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विजय दिवसासाठी, म्हणजे १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या विजयाच्या स्मरणासाठी, ढाक्याला जाणाऱ्या माजी सैनिकांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पंच्याहत्तरी-ऐंशीच्या माणसांना परदेशी नेणं ही सरकारी पैशाची उधळण आहे, तोच पैसा पेन्शन आणि औषधांना द्यावा. हा युद्धाचा उत्सव आहे. आणि आता तिथे आपल्याला विचारतंय कोण? तुमचे काका ७१ साली मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्यांनी घरी लढाईबद्दल कधी तोंड उघडलं नाही, असंही तुम्ही लिहिलंत. म्हणूनच सविस्तर लिहितो आहे.

पैशाचा मुद्दा आधी संपवू. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडून गेले आठ माजी सैनिक आणि सेवेतले दोन अधिकारी. तेवढेच आठ मुक्तियोद्धे, म्हणजे ७१ साली लढलेले बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिक, तिकडून कोलकात्याला आले. या खर्चातून कोणाची पेन्शन वाढणार नाही. औषधांसाठी माजी सैनिकांना ताटकळावं लागतं याचा संताप मलाही आहे, पण पेन्शन हा त्यांचा हक्क आहे. तो मिळवण्यासाठी त्यांच्या आठवणी गहाण टाकाव्या लागू नयेत.

‘उत्सव’ या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. १९७१ मध्ये पडलेल्या जवानाला शवपेटीतून गावी आणण्याची पद्धत नव्हती, ती रुळली कारगिलच्या वेळी. बहुतेकांचे अंत्यसंस्कार रणभूमीच्या आसपासच उरकले गेले. परमवीरचक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का गंगासागरच्या लढाईत गेले आणि त्यांचं दफन त्रिपुरात, सीमेजवळ झालं. झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या त्यांच्या घरच्यांना त्या जागेपर्यंत पोचायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. ज्यांच्या डोळ्यांदेखत सोबती गेला, त्यांना त्या मातीवर एकदा डोकं टेकवावंसं वाटलं तर त्यात उत्सव कुठला?

आता जमालपूरकडे येऊ, कारण तुमच्या काकांच्या रेजिमेंटला त्या नावाचा युद्धसन्मान आहे. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीची ढाक्याकडची वाट तिने अडवली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं आवाहन करणारं पत्र पाठवलं, त्याच्या उत्तरासोबत बलुचचे कर्नल सुलतान महमूद यांनी बंदुकीची गोळी धाडली. १० डिसेंबरच्या रात्री बलुच तुकडी वेढा फोडायला निघाली ती थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन धडकली. बलुच तुकडीची दोनशेहून अधिक माणसं पडली आणि ११ तारखेच्या सकाळी जमालपूर पडलं.

हे सगळं पुस्तकांत सापडतं. पण ते पत्र सायकलवरून शत्रूच्या ठाण्यात नेलं कोणी? मुक्तियोद्ध्यांच्या सेनेतल्या, मुक्तिवाहिनीतल्या, जोहुरुल हक मुन्शी यांनी. तिथे त्यांनी मार खाल्ला. पुढे त्यांना वीर प्रतीक हा बांगलादेशचा शौर्य सन्मान दोनदा मिळाला. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे? तीच गोष्ट टांगाइलची. ११ तारखेला २ पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण तिथे उतरली तेव्हा मुक्तियोद्ध्यांचे नेते कादर सिद्दिकी यांची माणसं आधीपासून तयार होती आणि गावकरी मदतीला धावून आले. आपला जवान आपल्या बाजूचं सांगतो, मुक्तियोद्धा त्याच्या बाजूचं. दोघे समोरासमोर बसले की एकाला नदीचं नाव आठवतं, दुसऱ्याला वाट दाखवणाऱ्या माणसाचं. एकटा माणूस गप्पच राहतो. तुमचे काका घरी बोलले नाहीत, कारण ऐकणारं कोणीही तिथे नव्हतं, असं मला मनापासून वाटतं.

१२ डिसेंबरला टांगाइलजवळच्या पूंगली पुलावर २ पॅरा आणि पहिली मराठा एकमेकांना भेटल्या. ही २ पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा. तिचेच नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कुठेही नाही, इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. तिथल्याच मोंतोने गावात त्यांचं स्मारक झालं ते २०२३ साली. १९४४ साली त्यांच्या शेजारी लढलेला विशीतला पोरगा तोवर शंभरीच्या घरात पोचला असता. ७१ चा विशीतला जवान आज पंच्याहत्तरीत आहे. आपल्या हातात थोडी वर्षं आहेत, म्हणून मी इतका हट्ट धरतो.

‘तिथे विचारतंय कोण’ याचं उत्तर वर आलंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली, दोन्ही सरकारांत ताण होता, तरी चार महिन्यांनी दोन्हीकडचे म्हातारे सीमा ओलांडून गेले.

एक गोष्ट मात्र मला खरंच टोचते. आठ जागा फार थोड्या आहेत. जमालपूरच्या खंदकात बसलेला शिपाई, हवालदार, सुभेदार त्या यादीत यायला हवा, सोबत हात धरायला घरचं एक माणूस हवं. तुमची तक्रार या दिशेने वळवाल का? काकांची पलटण, कंपनी आणि सेवेची वर्षं लिहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या. मसुदा मी करून देतो. पण त्याआधी काकांना विचारा, त्यांना जायचं आहे का. ते ‘नाही’ म्हणाले तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.