हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे

नौपाड्यातल्या आमच्या घरात हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. सव्वाआठची लोकल चुकू नये म्हणून वडिलांनी कधीतरी ते पुढे केलं, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येकजण त्याच्याकडे बघून मनातल्या मनात दहा वजा करतो. बेडरूममधलं घड्याळ अगदी बरोबर आहे, पण त्यावर कुणाचा विश्वास नाही.

याच बेडरूमच्या एका कोपऱ्यात माझा ‘स्टुडिओ’ आहे. म्हणजे एक कॉम्प्युटर, एक ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरमध्ये आवाज नेणारा-आणणारा डबा), एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेली सोलापुरी चादर. अंधेरीतला एक छोटा स्टुडिओ बंद होत होता, तिथला 1998 सालचा, अनेक आवाज एकत्र मिसळणारा डिजिटल मिक्सर मला जवळजवळ भंगाराच्या भावात मिळाला. ऐन विशीत ज्याच्याकडे मी काचेपलीकडून बघत असे, ते पंधरा किलोचं धूड मी रिक्षात मांडीवर घेऊन ठाण्याला आलो. बायकोने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं (मिक्सरकडे, मग माझ्याकडे) आणि म्हणाली, “परत घेतात का रे?” आईने फक्त “याचं भांडं कुठंय?” एवढंच विचारलं.

बटण दाबलं. या जातीच्या मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके, मोटरवर चालतात. सगळेच्या सगळे एकदम खडखडत वर गेले, खाली आले, आणि मग एकेक करून, लग्नात फोटोला उभे राहतात तसे, आपापल्या जागेवर सरकून थांबले. आई दारात उभी होती. “तू हात लावला नाहीस ना?” मी नाही म्हटलं. संध्याकाळी बघतो तर मिक्सरच्या उजव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं.

आता जोडणी. मिक्सरच्या पाठीमागे एडॅटचं, म्हणजे प्रकाशाच्या वायरीतून डिजिटल आवाज पाठवायच्या जोडणीचं, कार्ड होतं, माझ्या इंटरफेसलाही एडॅट होतं. एका ऑप्टिकल वायरीतून आठ चॅनेल जातात, जायला एक वायर आणि यायला एक. इतकं सोपं. लॅमिंग्टन रोडवर गेलो, दोन वायरी घेतल्या. शिवाय वर्ड क्लॉकची, म्हणजे दोन यंत्रांची घड्याळं जुळवणारी, केबल मागितली. दुकानदाराने ड्रॉवरमधून एक काळी वायर काढली. “साहेब, ही सीसीटीव्हीची आहे. 75 ओहम, बीएनसी पिन. तुमचं तेच काम करेल.” मला अपमान वाटला, पण वायर खरोखर तीच लागते. पुढे कळलं की तीसुद्धा लागत नव्हती, कारण एडॅटच्या वायरीतूनच घड्याळ जातं.

घरी येऊन वायरी लावल्या. शांतता. आउटमधून इनमध्ये जायला हवं ते मी आउटमधून आउटमध्ये नेलं होतं. ते बदललं. तरी शांतता. वायर नीट बसतच नव्हती, दर वेळी ‘कट्’ न होता नुसती टेकून राहायची. चार दिवस मी मिक्सरच्या बापजाद्यांचा उद्धार केला. पाचव्या दिवशी लेकाने वायरीचं टोक नखाने खरवडलं आणि एक इवलीशी पारदर्शक टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मोत्याएवढी. काहीही न बोलता तो अभ्यासाला गेला, आणि हेच जास्त लागलं. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी त्याच दिवशी ठाण्याला पोहोचली होती. माझा आवाज दोन फूट जायला पाच दिवस लागले.

टोपी काढल्यावर टोकाला लाल उजेड दिसला आणि आवाज आला. फक्त दर दोन-तीन सेकंदांनी ‘टक्’. कॉम्प्युटर आणि मिक्सर दोघंही एका सेकंदाचे 44,100 तुकडे करत होते, पण ज्याच्या त्याच्या घड्याळाने. दोन घड्याळांत केसाएवढा फरक, की तुकडा निसटतो आणि टक् होतं. यातल्या एकाने मालक व्हायचं आणि दुसऱ्याने मुकाट ऐकायचं, असा नियम आहे. मी मिक्सरला मालक केलं. वयाने तोच मोठा. कॉम्प्युटरला बाहेरचं घड्याळ ऐकायला लावलं. टक् बंद! त्याच उत्साहात शेजारच्या काकांना बोलावलं. काका भजनं म्हणतात, पट्टी काळी एक, गेली तीस वर्षं. पाच मिनिटांचं एक भजन त्यांनी डोळे मिटून गायलं.

ते ऐकवताना मी मिक्सर बंद केला, कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळावर आणला, आणि काका भलतेच तरतरीत वाटू लागले. काका कान देऊन ऐकत होते. मग उठले, घरून पेटी घेऊन आले. काळी एक दाबली. नाही. पांढरी दोन. नाही. काळी दोन. तीही नाही. “अरे, हा सूर पेटीतच नाही! मी गायलो कसा?”

काकांच्या भजनासाठी नवी फाइल उघडताना सॉफ्टवेअरमध्ये मी 44,100च्या जागी 48,000 लिहून ठेवलं होतं. मिक्सरने 44,100च्या मापाने मोजून दिलेलं भजन कॉम्प्युटरने 48,000च्या मापाने वाटलं. साधारण दीड स्वर... म्हणजे दीड पट्टी वर, तीही पुरी दीड नाही. पाच मिनिटांचं भजन पावणेपाचच्याही आत संपलं. काका म्हणाले, “मला वाटलं, माझीच साधना कमी पडली.” तो आकडा बदलून पुन्हा गायला लावायला मला तीन कप चहा आणि एक बटाटेवडा लागला.

दुसरं ध्वनिमुद्रण बिनचूक झालं. रात्री त्याच धुंदीत मी स्टुलावर चढलो आणि घरात यापुढे घड्याळाचा मालक एकच, असं जाहीर करून हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं.

सकाळी सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सवयीने दहा वजा केले. बायकोची लोकल गेली, लेकाची स्कूलबस गेली. आई मात्र वेळेवर देवळात पोहोचली. ती पहिल्यापासून मोबाइल बघते.