जादा सिमेंट टाकल्याने स्लॅब मजबूत होतोच असे नाही

घर बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे: स्लॅब मजबूत हवा असेल तर सिमेंटची गोणी जादा टाकायला लावा, पोकळी राहू नये म्हणून माल पातळ ठेवा, आणि स्लॅबवर चालता येऊ लागले की तीन दिवस पाणी मारणे पुरे. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे. उरलेली दोन घराचे नुकसान करणारी आहेत.

पाणी तेवढेच ठेवून सिमेंट वाढवले तर ताकद वाढते, हे मान्य. मात्र जादा सिमेंटमुळे काँक्रीट अधिक तापते, अधिक आकसते आणि त्याला भेगा पडतात. म्हणूनच आयएस ४५६ हे भारतीय मानक सर्वसाधारण कामासाठी घनमीटर काँक्रीटला ४५० किलो सिमेंटची कमाल मर्यादा घालते.

खरा घात पातळ मालाने होतो. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या वजनांच्या गुणोत्तरावर ठरते, हे अमेरिकन संशोधक डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच प्रयोगांनी दाखवून दिले. गुणोत्तर ०.५० ठेवायचे तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी लागते, आणि ओल्या वाळूतले पाणीही याच हिशेबात धरावे लागते. माल सहज पसरावा म्हणून त्यात दहा लिटरची एक बादली ओतली की गुणोत्तर ०.७० होते आणि ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटू शकते. शिवाय सिमेंटशी संयोग न पावलेले पाणी उडून गेल्यावर मागे सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेच्या भागात त्याच वाटेने क्षार सळईपर्यंत पोहोचून तिला गंजवतात. पोकळी टाळण्याचा उपाय व्हायब्रेटर, म्हणजे ओला माल हलवून त्यातली हवा बाहेर काढणारे यंत्र, हा आहे. मिक्सरमधून निघालेला माल घट्ट वाटत असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वापरावे. पाणी वाढवू नये. पातळ मालात तर खडी खाली बसते आणि सिमेंटचे पाणी वर येते.

तीन दिवसांच्या सल्ल्याचे मूळ, काँक्रीट वाळून कडक होते, या समजुतीत आहे. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते, आणि ओलावा संपला की ती क्रिया मंदावून थांबते. मानक साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर फ्लाय ॲशयुक्त (दगडी कोळशाची बारीक राख मिसळलेल्या) सिमेंटसाठी किंवा उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा टिकवायला सांगते. घरबांधणीत आज बहुधा पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲशयुक्त सिमेंटच वापरले जाते, म्हणून विदर्भात मे महिन्यात टाकलेल्या स्लॅबवर वाफे करून दहा दिवस पाणी साठवलेच पाहिजे. चालता येणे म्हणजे ताकद येणे नव्हे, ४.५ मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू १४ दिवसांआधी काढू नयेत, असे मानकच सांगते.

ज्यांना खात्री हवी आहे त्यांनी स्लॅब टाकतानाच त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरून घ्यावेत आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासावी. मात्र हे क्यूब पाण्याच्या टाकीत ठेवलेले असतात, त्यामुळे ते मिश्रणाविषयी सांगतात. स्लॅबवर पाणी किती दिवस टिकले, ते स्वतः पाहावे लागते.