मालकाचं उत्तर: ‘पाच मिनिटांच्या कामाला चार दिवस’

नमस्कार साहेब,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ‘तासाभरात होईल’ असं काउंटरवर मीच म्हणालो होतो, आणि शुक्रवारी तुमचे दोन फोन उचलले गेले नाहीत. या दोन्ही चुका माझ्या.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘जुन्या कंप्युटरच्या आवाजाचं काम. एक जंपर सरकवला, पाच मिनिटांचं काम, चार दिवस लावले, ८०० रुपये घेतले.’ ते वाचल्यापासून चैन नाही. नौपाड्यात १९ वर्षं दुकान आहे, मी आणि एक मुलगा एवढाच पसारा. काल एका बाईंनी फोनवर विचारलं, ‘तुम्ही मशीन अडकवून ठेवता का?’ म्हणून दिवस मोजूनच सांगतो.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही कॅबिनेट आणलंत. गाण्याचा पहिला तुकडा परत परत वाजतो आणि मशीन अडकतं, ही तक्रार. आमच्याकडे आवाज स्वच्छ येत होता. ‘आत अजून कुठलं कार्ड होतं का?’ हे मी दोनदा विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. दोन तास गाणी वाजवली, ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकला आणि बुधवारी सकाळी मशीन दिलं, एक रुपया न घेता. त्याच रात्री तुमचा फोन आला, पुन्हा तेच. गुरुवारी संध्याकाळी मशीन परत आलं, तेव्हा तुमच्या भाच्याने पिशवीतून लॅन कार्ड, म्हणजे नेटवर्कची केबल जोडायचं कार्ड, काढलं. रिक्षात धक्का बसेल म्हणून पहिल्या वेळी ते घरीच काढून ठेवलं होतं म्हणे! बुधवार सकाळ ते गुरुवार संध्याकाळ मशीन तुमच्या घरी होतं, साहेब. तो वेळही माझ्या नावावर लागला.

आता जंपरचं, म्हणजे कार्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या त्या छोट्या टोपीचं. ती जिथे बसवाल तो नंबर कार्ड धरतं. विंडोज ९८ च्या काळातल्या त्या मशीनमध्ये प्रोसेसरला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक आयआरक्यू नंबर लागतो. ० ते १५ असे फक्त १६ नंबर, त्यातले घड्याळ, कीबोर्ड, हार्ड डिस्क यांनी आधीच धरलेले. तुमचं साउंड कार्ड ५ वर, आणि भाच्याच्या लॅन कार्डाचा जंपरही ५ वर. दोन्ही जुन्या आयएसए पद्धतीच्या खाचेतली कार्डं, ती एक नंबर वाटून घेत नाहीत, म्हणून गाणं अडकत होतं. साउंड कार्ड हलवणं सोपं होतं. पण तुमच्या मुलाला तुमचे जुने डॉसचे गेम खेळायला द्यायचेत असं तुम्हीच म्हणाला होतात, आणि ते गेम बहुतेक साउंड कार्डाचा २२० पत्ता आणि ५ नंबरच धरून चालतात. म्हणून लॅन कार्ड १० वर नेलं. तिथे यूएसबी बसलेलं निघालं. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन १० नंबर आयएसएसाठी राखून ठेवला, तेव्हा यूएसबी ११ वर डिस्प्ले कार्डाच्या जोडीला गेलं. ती दोन्ही नंतरच्या पीसीआय पद्धतीची, त्यांचं एका नंबरवर जमतं.

हे शुक्रवारी दुपारी झालं. चहा प्यायला अर्धा तास प्लग काढला आणि परत लावला, तर बायोसमधलं सगळं पुसलेलं, तारीखसुद्धा मागची. वीज नसताना ही सेटिंग धरून ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल मेला होता. नवीन सीआर२०३२ टाकला, सगळं परत भरलं आणि रात्रभर मशीन प्लग काढून ठेवलं. ती रात्र वाट पाहण्यातच गेली हे खरं, पण तसं न करता दिलं असतं तर तुम्ही तिसऱ्यांदा आला असतात. शनिवारी सकाळी तुमच्यासमोर गाणं आणि गेम दोन्ही चालवून दाखवले.

८०० रुपयांत दोन्ही वेळची मजुरी आणि सेल आला. आधीच्या दुकानात ‘भंगारात द्या’ सांगितलं होतं, हेही तुम्हीच मला सांगितलंत.

यापुढे मशीन घेताना आतली कार्डं कागदावर लिहून घेऊ, आणि फोनचंही बघतो. तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिठ्ठी लावली आहे, साउंड ५, लॅन १०. नवीन काही बसवण्याआधी भाच्याला ती बघायला सांगा. स्टार तुम्हाला वाटेल तो ठेवा, पण ‘चार दिवस’ तेवढं दुरुस्त करा, ही हात जोडून विनंती.