फौजी भाऊंना पुरावा मागू नये

सातारा जिल्ह्यात फौजेला मान आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, सैनिक स्कूल १९६१ पासून इथंच आहे आणि बहुतेक भावकीत एक तरी माणूस वर्दीतला निघतो. हा मान म्हणजे तुमचं भांडवल. ते नुसतं पंधरा ऑगस्टला काय कामाचं? फेसबुक मार्केटप्लेसवर गुंतवा.

तिथं एक स्कूटर दिसेल. दोन वर्षं वापरलेली, सात हजार किलोमीटर फिरलेली, किंमत अठरा हजार. पोवई नाक्यावर कुणालाही विचारलंत तर या भावात बरं इंजिनही मिळणार नाही म्हणेल, म्हणून विचारू नका. मालक फौजी आहे, बदली जम्मूला झालीय, गाडी नेता येत नाही. मेसेज टाकताच तो ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि वर्दीतला फोटो पाठवतो. इथं एक काळजी घ्या. शेजारी निवृत्त सुभेदार राहत असतील, तर त्यांना यातलं काही दाखवू नका. नोकरीतला जवान आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर वाटत फिरत नाही, असं काहीतरी ते बोलतील आणि जमत आलेला व्यवहार मोडतील.

गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकायचा मोहही आवरा. मालकाच्या नावातली काही अक्षरं तिथं झाकलेली असतात, पण उरलेली अक्षरं, नोंदणीचं आरटीओ, मॉडेल आणि नोंदणीची तारीख दिसते. फौजीचं आडनाव एक आणि गाडीचं भलतंच, हे कळल्यावर झोप उडते. गाडी बघायला येतो, असं तर चुकूनही म्हणू नका. गाडी कॅम्पात आहे आणि सिव्हिलियनला आत सोडत नाहीत, हे उत्तर त्याच्याकडं तयार असतं. ते ऐकून शंका घेतल्याची लाज तुम्हालाच वाटेल. ही लाज फार उपयोगाची आहे, पुढं तीच कामाला येते.

आता पैसे. अठरा हजार तो मागतच नाही, इतका सज्जन. गाडी मिलिटरीच्या ट्रकनं येणार, पार्सलचे २,१५० तेवढे आधी भरायचे. भरलेत की तिरंगा आणि गोल शिक्का असलेली पावती येते. दुसऱ्या दिवशी 'ड्रायव्हर'चा फोन येतो की शिरवळला अडकलोय, जीएसटीचे ५,१९९ भरा, गाडी ताब्यात दिली की परत मिळतील. घरगुती माणसानं घरगुती माणसाला जुनी गाडी विकली तर कसला जीएसटी, हे विचारायचं नाही. तुम्ही ५,२०० टाकता. तो म्हणतो, आकडा चुकला, सिस्टीमनं घेतलं नाही, बरोबर ५,१९९ परत टाका, आधीचे आपोआप येतील. सगळी कारागिरी इथं आहे. पहिला हप्ता गाडीसाठी असतो, त्यापुढचा प्रत्येक हप्ता मागचे हप्ते सोडवायला असतो. म्हणून गाडी खंबाटकीचा घाट कधीच उतरत नाही आणि तुम्ही मात्र चढतच राहता.

विकत घ्यायची ऐपत नसेल तर विकायला काढा. जुना सोफा नऊ हजारांना टाकलात की पाच मिनिटांत गिऱ्हाईक येतं, न बघता, घासाघीस न करता. साताऱ्यात असं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे काय हे विकणाऱ्याला सांगायला नको. हाही फौजी. पैसे 'आर्मीच्या खात्यातून' येणार, त्यासाठी तो क्यूआर कोड पाठवतो. आधी पाच रुपयांचा कोड स्कॅन करायला लावतो आणि खरोखर दहा रुपये परत टाकतो, म्हणजे तुमचा विश्वास बसतो. मग नऊ हजारांचा कोड. स्कॅन करा, पिन टाका. यूपीआयचा पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही, घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. भाजीवाली मावशी दिवसभर पैसे घेते, तिला कधी पिन टाकताना पाहिलंय का? हा विचार मंडईत करा, सोफा विकताना नको. पिनच्या आधीच्या पडद्यावर पैसे कुणाच्या नावानं जाताहेत तेही लिहिलेलं असतं, तिकडं बघण्यात वेळ जातो. एका माणसानं दुसऱ्याकडं ॲपमधून पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. बिचाऱ्यांचा एक रस्ता गेला, आता क्यूआरवरच सगळी भिस्त आहे. तुम्हीही हात आखडता घेतलात तर त्यांनी जावं कुठं?

लग्नसराईत याहून कमी कष्टाचा मार्ग आहे. पत्रिका येते, पाठवणारा ओळखीचा असतो, फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर सनईवाला व्हिडिओ असतो. एपीके म्हणजे ॲप, आणि पत्रिका इन्स्टॉल करावी लागते असं लग्न आजवर कुणी जेवलेलं नाही. तरी उघडा, नाहीतर पाव्हणे रुसतील. अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, असा इशारा फोन देईल, परवानगी द्या. ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागेल, तीही द्या. पत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला हवेत, असला कोतेपणा शुभकार्यात शोभत नाही. त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्या आधी तिकडं पोचतो. तीच पत्रिका तुमच्या नावानं मुंबईला माथाडीत असलेल्या चुलत्यापासून मुलांच्या शिकवणीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडं जाते. पाठवणारा ओळखीचा का होता, ते आता कळलं असेल. लग्नसराई संपली की हीच फाइल आरटीओचं चलन म्हणून येते. खरं चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, पण आपण सिग्नल तोडलेला असतो, त्यामुळं आपल्याला ते आधीच खरं वाटतं.

चुकून उघडली आणि लगेच लक्षात आलं, तर फोन विमान मोडवर टाकू नका, सिमकार्ड काढू नका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला खातं बंद करायला सांगू नका. फोन फॅक्टरी रीसेट करणं तर अजिबात नको, गुड मॉर्निंगचे सगळे फोटो जातील.

वहिनींचा मेसेज आला की 'तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय तो पाठवा', तर पाठवा. वहिनींना नाही म्हणता येतं का? तो कोड तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करायचा असतो. सेटिंग्जमधल्या अकाउंटमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आहे. तिथं आपला सहा आकडी पिन ठेवला तर नुसत्या कोडवर भागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून निवांत वेळ मिळेल तेव्हा करू.

मे महिन्यात महाबळेश्वर. फेसबुकवर हॉटेलचं पान आहे, वेण्णा लेकचा फोटो आहे, खोली निम्म्या भावात आहे आणि 'आजच पूर्ण पैसे भरा, दोनच खोल्या उरल्यात' असं लिहिलंय. पानाच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' नावाची जागा असते. पान कधी काढलं आणि आधी त्याचं नाव काय होतं ते तिथं दिसतं. तीन आठवड्यांपूर्वी साड्या विकणारं पान आज हॉटेल झालं असेल, तर ती त्याची प्रगती समजा. पैसे हॉटेलच्या नावानं न जाता कुठल्या तरी माणसाच्या नावानं जाताहेत, तर तो मॅनेजर असेल. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून रिसेप्शनला बुकिंग विचारणं फार उद्धटपणाचं दिसतं. कासला फुलांच्या हंगामात जाणाऱ्यांनाही हेच लागू.

पेन्शनची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात आलेल्यांसाठी शेअरचे ग्रुप आहेत. ग्रुपमध्ये दीडशे माणसं रोज नफ्याचे फोटो टाकतात. तुम्ही सोडून बाकीचे सगळे पगारी आहेत, ही शंका मनात आणू नका. पहिले हजार रुपये काढून बघा, खरंच मिळतात. गळाला गांडूळ लावायला खर्च येतोच. मग आठ लाख टाका, ॲपवर वीस लाख दिसतील. काढायला गेलात की आधी कराचे चार लाख भरा म्हणतात. कर नफ्यातूनच का कापत नाहीत, हे विचारणारा माणूस ग्रुपमधून काढला जातो. सल्लागाराची नोंदणी शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर बघता येते, पण सर रोज सकाळी सुविचार पाठवतात, अशा माणसाची नोंदणी बघायची?

व्हिडिओ कॉलवरचा तोतया पोलीस घरबसल्या करतो त्या 'डिजिटल अरेस्ट'बद्दल जास्त लिहीत नाही, कारण ती कायद्यातच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये तसं सांगितलं, तरी ज्यानं सीमेवर रात्री काढल्या तो माणूस घरच्या खुर्चीत दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहतो. साहेबांनी उठू नको म्हणून सांगितलंय ना. हुकूम पाळायची सवय ही अशी उपयोगी पडते.

आता सगळं सुरळीत पार पडलं आहे असं धरू. पुढचे काही तास मोलाचे असतात, ते वाया घालवायचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच-सहा खात्यांत फुटतात आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून निघतात. निघायच्या आधी वाटेत गोठवता येतात, म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवायचा नाही. फिरवलाच, तर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवू नका, म्हणजे तिकडच्या माणसालाही काही करता येणार नाही. चॅट आधीच डिलीट केलेलं बरं, मुलीनं पाहिलं तर काय म्हणेल? रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं: पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे गप्प बसण्याचा खर्च कोण करतंय ते ठरलेलंच आहे. सोमवारी बँक उघडल्यावर जाऊ, तोवर चारचौघांत वाच्यता नको.

महिन्याभरानं दुःख हलकं करायला फेसबुकवर फसवणुकीच्या एखाद्या पोस्टखाली आपली रक्कम आणि मोबाइल नंबर लिहा. दहा मिनिटांत इन्बॉक्समध्ये एक जण येईल. सायबर खात्यात ओळख आहे, गेलेली पूर्ण रक्कम परत मिळते, फाइल उघडायचे ४,९९९ फक्त. डीपीत वर्दी असेल.