किंडर स्काउट ‘फक्त ६३६ मीटर’? ईडेलच्या वाटांवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या ईडेल गावाभोवतीच्या वाटांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ईडेलमागचं किंडर स्काउट पठार जेमतेम ६३६ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६, तेव्हा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढणाऱ्याला किंडरच्या १३ किलोमीटरच्या फेरीसाठी साडेपाच तास सांगणं म्हणजे उगाच घाबरवणं. फोन असताना कागदी नकाशा आणि होकायंत्र कशाला? लोकांच्या शेतांतून, एका ठिकाणी तर थेट फार्मच्या अंगणातून जायला सांगणं बेजबाबदारपणाचं. आणि आई-बाबांना नेण्याजोगी वाट कुठे आहे?

आधी उंचीचं. सह्याद्रीत डोंगर स्वतःच वाट सांगतो. धार, सोंड, कडा, खिंड यांतलं काहीतरी सतत नजरेसमोर असतं. किंडरचा माथा म्हणजे पीटचं सपाट पठार. पीट हा हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या शेवाळाचा काळा, स्पंजासारखा थर. पाण्याने त्यात दोन-तीन मीटर खोल चर कापले आहेत. चरात उतरलात की क्षितिज नाहीसं होतं. वर आलात की समोर आणखी एक चर, तोही हुबेहूब तसाच. प्रत्येक चर टाळायला थोडं डावी-उजवीकडे सरकावं लागतं आणि अशा दहा-बारा वळशांनंतर दिशा पार बदललेली असते. वर मेंढ्यांच्या पायवाटा आहेत. आपल्याकडच्या ढोरवाटा जसा चकवा देतात तसाच त्याही देतात, फक्त इथे हाक मारली तर ओ द्यायला गुराखी नसतो. ढग खाली आला की पन्नास मीटरपलीकडचं दिसत नाही. सर्वोच्च बिंदूही या चिखलातच आहे, आणि तिथून काही खास दिसत नाही. त्यामुळे त्याच्या मागे लागू नका, पठाराची दक्षिण कड धरा.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या वाटेला १३ किलोमीटरचे सुमारे २ तास ३५ मिनिटं, साधारण ४५० मीटर चढाचे ४५ मिनिटं. झाले ३ तास २० मिनिटं. पण हा हिशोब चांगल्या वाटेवर, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. ग्राइंड्सब्रुकच्या घळीत वरच्या टप्प्यात मोठमोठ्या दगडांवरून हात टेकत चढावं लागतं, माथ्यावर वारा समोरून येतो, जेवण, पाणी, नकाशा बघणं आहेच. साडेपाच तास मी यासाठीच लिहिले. तुम्ही चार तासांत केलंत तर उत्तमच, पण परतीची ट्रेन चार तासांच्या हिशोबाने पकडायची ठरवू नका. डिसेंबरमध्ये इथे चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊला स्टेशन सोडलेलं बरं. हेडटॉर्च मात्र बाराही महिने सॅकमध्ये हवा.

वाटेची दिशाही मुद्दाम तशी दिली आहे: ग्राइंड्सब्रुकने चढा आणि जेकब्ज लॅडरने उतरा. ओले दगड चढताना त्रास देतात, उतरताना घोटे मोडतात. जेकब्ज लॅडरला बांधीव दगडी वाट आहे, दमलेल्या गुडघ्यांना तीच बरी. घळीच्या माथ्यावर आलात की पश्चिमेला वळा. क्राउडन टॉवर, मग वूल पॅक्सचे वाऱ्याने घासून गोल झालेले खडक, पिम चेअर, नो स्टूल हे आणखी खडक आणि मग उतार. या संपूर्ण टप्प्यात ईडेलचं खोरं डाव्या हाताला राहिलं पाहिजे. ते उजवीकडे आलं, किंवा दिसेनासं होऊन पायाखाली नुसतं पीट लागलं, की थांबा. होकायंत्राने दक्षिण धरा आणि कडेपर्यंत या, पण दिसेल त्या घळीत उतरू नका. काही घळी मध्येच कातळावर संपतात. उत्तरेला उतरलात तर स्नेक पासच्या रस्त्याला लागाल, पश्चिमेला उतरलात तर हेफील्ड गावाला. दोन्हीकडून ईडेलचं स्टेशन डोंगरापलीकडे राहतं.

फोनबद्दल: नेहमीच्या फोनच्या नकाशात शेतातल्या हक्काच्या वाटा धड दिसत नाहीत, खोऱ्यात नेटवर्क तुटक आहे, आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल १ हा १:२५,००० चा नकाशा घ्या. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा. त्याच नकाशाचं ॲप फोनमध्ये आधी उतरवून ठेवलंत तर फारच छान, पण कागद सोबत हवाच. ठिकाणाचा सहा आकडी संदर्भही वाचायला शिका. एसके १२७ ८३६ म्हणजे शेजारच्या मॅम टॉर डोंगराचा माथा: ‘एसके’ ही नकाशाच्या मोठ्या चौकोनाची अक्षरं, पहिले तीन आकडे पूर्वेकडे सरकायचे, पुढचे तीन उत्तरेकडे, आणि जागा शंभर मीटरच्या चौकोनात नक्की होते. अडचणीत ९९९ हा आपत्कालीन नंबर लावून आधी ‘पोलीस’, मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागा आणि हाच संदर्भ सांगा. आवाजाचा फोन लागत नसेल तरी मेसेज जाऊ शकतो, पण त्यासाठी ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवून नोंदणी घरूनच करावी लागते. शिट्टीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

शेताच्या मुद्द्यावर मात्र माझं मत तुमच्या अगदी उलट आहे. अपर बूथच्या फार्ममधून जाणारी वाट ही मेहेरबानी नाही, कायद्याने राखलेला हक्क आहे. जमीन खाजगी, वाट सार्वजनिक. वाटेवरच्या खुणांमधला पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. शेतकऱ्याने वाट नांगरली तरी ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. हा हक्क सहज मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डच्या बाजूने शेकडो चालणारे बंदी मोडून किंडरवर चढले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची आणि हक्काच्या वाटांच्या नोंदीची सोय केली, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २००० च्या कायद्याने मोकळ्या माळरानावर वाट सोडूनही फिरण्याची मुभा दिली. म्हणून अंगणातून जाताना संकोच नको, पण शिस्त हवी. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गवत कापणीला आलेल्या कुरणात एकामागोमाग एक चाला. तिथलं गवत हे पीकच आहे.

गाईंना आपण घाबरत नाही, पण इथे जरा जपा. वासरांसह असलेला कळप माणसाच्या, विशेषतः कुत्र्याच्या अंगावर येऊ शकतो. लांबून वळसा घाला, गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका. कुत्रा सोबत असेल आणि कळप धावून आला तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळून वाचतो. १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर कुत्रा आखूड पट्ट्यानेच बांधलेला हवा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी.

तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सह्याद्रीच्या सवयीमुळे सांगतो: वर चूल नको, गॅसचा स्टोव्हही नको. पीट वाळलं की जमिनीच्या आत धुमसत जातं आणि ती आग दिवसेंदिवस विझत नाही. चहा थर्मासमध्ये न्या.

आता आई-बाबांसाठी. ईडेलहून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढायचं, चढ दीडशे मीटरच्या आसपास. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातली प्रेतं याच खिंडीतून पलीकडच्या कॅसलटन गावाला नेत. खिंडीतून धारेवरून ५१७ मीटरच्या मॅम टॉरपर्यंत फरसबंद वाट आहे, आणि दोन्ही बाजूंना खोरं उघडं. किल्ले बघणाऱ्यांना माथा विशेष आवडेल, कारण कांस्ययुगाच्या अखेरच्या वस्तीभोवतालचे मातीचे तट अजून ठळक दिसतात. पूर्वेची दरड मात्र सतत सरकते. तिच्यामुळे खालचा मोठा रस्ता १९७९ मध्ये कायमचा बंद करावा लागला, तेव्हा त्या कडेला जाऊ नका. गुडघे दुखत असतील तर कारने मॅम निकच्या पार्किंगपर्यंत जा, तिथून पायऱ्यांनी शंभरेक मीटर चढ उरतो. शनिवारी-रविवारी पार्किंग सकाळीच भरतं. वारा जोरात असेल तर खिंडीतूनच परत फिरा. धारेवर आडोसा कुठेच नाही.