‘मॉडेल फिरलं तरच नंबर’ म्हणे!

शालेय विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रकल्पांचं परीक्षण म्हणजे नाटक आहे. चालतं मॉडेल असेल तरच नंबर, प्रयोग फसला की मार्क गेले, प्रकल्प आईबापच करतात आणि परीक्षकांना पत्ताही लागत नाही, आयसर नाहीतर एनसीएल या पुण्यातल्या मोठ्या संशोधन संस्थांमध्ये ओळख असल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. तेव्हा हे सगळं बंद करून सरळ लेखी परीक्षा घ्या. खाली ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’. मी शाळाशाळांत प्रकल्प तपासायला जाते आणि सहमत नाही.

‘चालतं मॉडेल असेल तरच नंबर’

यात थोडं तथ्य आहे. प्रदर्शनात फिरणारं, लुकलुकणारं काही असलं की गर्दी तिथेच जमते, आणि एखादा परीक्षकही भुलतो. पण सगळ्या स्पर्धा एका माळेचे मणी नाहीत. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक या शालेय योजनेत आधी कल्पना निवडली जाते आणि मॉडेल करायला विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये येतात. तिथे मॉडेल लागणारच. १९९३पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद मात्र मुलांनी आपल्या परिसरातल्या प्रश्नावर केलेलं काम मागते, तिथे दिव्यांच्या माळा लावून काही साधत नाही. अमेरिकेत होणाऱ्या ‘आयसेफ’ या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्याचा गुणांचा तक्ता पाहा. १००पैकी संशोधनाचा प्रश्न १०, आखणी १५, प्रत्यक्ष काम आणि निष्कर्ष २०, कल्पकता २०, पोस्टर १० आणि मुलाखत २५. म्हणजे चकचकीत पोस्टरला दहा, आणि मुलाला समोर बसवून विचारलेल्या प्रश्नांना पंचवीस.

शिवाय चालतंय म्हणून ते विज्ञान, असंही नाही. मोटरने जनरेटर फिरवायचा आणि त्याच विजेवर मोटर चालवायची, असं ‘फुकट वीज’ नावाचं मॉडेल कुठे ना कुठे भेटतंच. अशी वीज मिळत नसते, म्हणून लपवलेली बॅटरी शोधायला मी आधी टेबलाखाली बघते.

‘प्रयोग फसला की मार्क गेले’

मेसेजमधला हा सगळ्यात घातक भाग, कारण हे वाचून पालक मुलांना आकडे ‘सुधारायला’ लावतात.

सातवीतल्या एका मुलीने भांडी घासलेल्या पाण्यात मूग उगवतात का, ते पाहिलं होतं. एका वाटीत नळाचं पाणी, दुसरीत मोरीचं, दोन्हींत दहा-दहा दाणे. पहिल्या खेपेला आठ विरुद्ध सात. चार्टवर ‘मोरीच्या पाण्याने उगवण घटते’ असं लिहून ती मोकळी होऊ शकली असती. तिने पुन्हा केलं आणि आकडे उलटे आले. मग तिने लिहिलं, ‘एका दाण्याचा फरक हा फरक धरता येत नाही, जास्त दाणे घ्यायला हवेत.’ वहीत एका पानावर पेन्सिलीने नोंद होती: ‘आज आजीने चुकून दोन्ही वाट्यांत नळाचं पाणी घातलं. ही खेप रद्द.’ तिला मी आखणीचे आणि निष्कर्षाचे जवळजवळ पूर्ण मार्क दिले. ‘फरक आढळला नाही’ हे उत्तरच आहे. मार्क जातात ते दहा दाण्यांवरून अख्ख्या शेतीबद्दल बोलणाऱ्याचे, किंवा ज्याच्या वहीत एकाच शाईने, एकाच बैठकीत महिनाभराच्या नोंदी उतरलेल्या दिसतात त्याचे.

‘प्रकल्प आईबाप करतात, परीक्षकांना कळत नाही’

पहिलं अर्धं वाक्य खरं. प्रदर्शनाच्या आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चक्कर मारा, आर्डुइनो (प्रकल्पांत वापरतात तो छोटा संगणकी बोर्ड) आणि सेन्सर घेणारे बाबाच दिसतील. दुसरं अर्धं मात्र खोटं. कुंडीतल्या मातीची ओल सांगणारं यंत्र घेऊन एक मुलगा उभा होता. पाठ केलेलं भाषण झकास. मी विचारलं, ‘ओल याला कशी कळते रे?’ गप्प. ‘मिठाचं पाणी घातलं तर आकडा बदलेल?’ पुन्हा गप्प, आणि नजर मागे उभ्या बाबांकडे. यंत्राची मातीत खुपसलेली दोन टोकं मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतात. खारं पाणी वीज जास्त वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच पाण्यात माती जास्त ओली असल्याचं दिसतं. ज्याने घरी हे यंत्र घेऊन चार दिवस खेळ केलाय, त्याला हे कुठे ना कुठे आडवं आलेलं असतं. असे दोन प्रश्न पुरतात. बाबांनी मदत केली म्हणून मी मार्क कापत नाही. मदत कुठे घेतली ते मुलाने सांगावं, इतकंच.

‘आयसर-एनसीएलमध्ये ओळख लागते’

मोठ्या लॅबमध्ये काम केलेल्या मुलाला उपकरणांचा फायदा मिळतो, हे कबूल. म्हणूनच आयसेफला अशा संस्थेतल्या मार्गदर्शकाकडून वेगळा फॉर्म भरून घेतात: विद्यार्थ्याने स्वतः काय केलं, काय फक्त पाहिलं. आणि पुण्यात प्रश्नांना तोटा आहे का? पाषाण तलाव आहे, वेताळ टेकडी आहे, मुठेचं पाणी आहे. त्यासाठी ओळख नाही, पायपीट लागते.

‘त्यापेक्षा लेखी परीक्षा घ्या’

लेखी परीक्षेत ‘ही खेप रद्द’ कुठे लिहायचं?

तक्रारच करायची तर खरी करा. बऱ्याच ठिकाणी एका परीक्षकाच्या वाट्याला इतकी टेबलं येतात की प्रत्येक मुलाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. गुणांचा तक्ता मुलांना आधी दाखवत नाहीत, नंतर तर नाहीच नाही. दोन परीक्षक, स्वतंत्र मार्क, तक्ता महिनाभर आधी सूचनाफलकावर आणि वही टेबलावर सक्तीची, हे शाळेकडे मागता येतं. पालकसभेत लेखी द्या, सही मी पण करते.