अनपेक्षित वस्तू

बँकेच्या कॅश काउंटरवर जन्म काढलेल्या माणसाला विचारा, बाबा रे, निवृत्तीनंतर काय नको? तो सांगेल, कॅश नको. थुंकी लावून मोजलेल्या नोटा नकोत, संध्याकाळचा टॅली नको आणि टॅलीत निघणारा फरक तर मुळीच नको. निरोप समारंभात शाल मिळाली तेव्हा मला ऊब आली ती सुटकेची. आणि आता आमच्याच इंदुरात, एका वातानुकूलित किराणा-महालात, मला पुन्हा कॅशियर म्हणून उभं केलंय. बिनपगारी.

दुकानाचं नाव सांगत नाही. आम्ही लोकमान्यनगरात राहतो आणि ते घरापासून जवळ आहे, एवढं पुरे. तिथे पूर्वी बिलाला ओळीने मुली बसायच्या. आता त्या जागी पांढरी खोकी आहेत. प्रत्येकाला एक पडदा, एक लाल किरण, शेजारी पिशवी ठेवायला चौथरा आणि डोक्यावर दिवा. सौ.ला या सगळ्याचं भारी कौतुक.

"अहो, बघा, रांगच नाही!"

रांग नव्हती, कारण शहाणी माणसं उरलेल्या एकुलत्या एका काउंटरपुढे रांग लावून उभी होती.

बारकोडचं मला वावडं नाही. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय नावाच्या गावातल्या दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचून बिल झालं. वस्तू होती च्युइंगगम, किंमत 67 सेंट. च्युइंगगमचं पुडकं कसं चौकोनी, ताठ, शिस्तीचं असतं. इंदूरच्या शेवेचं पाकीट असतं फुगलेलं आणि तेलकट, आणि त्याचा बारकोड नेमका चुणीत बसलेला. पाकीट उजवीकडून दाखवा, डावीकडून दाखवा, उताणं करा, ताणून धरा, किरण ढिम्म हलत नाही. मग खालचे तेरा आकडे हाताने दाबायचे. सुरुवातीचे 890 आपल्याकडे नोंदलेल्या कंपन्यांचे. खरी मजा शेवटच्या आकड्यात असते. आधीच्या बारांपैकी एकाआड एक आकड्याला तीनने गुणायचं, बाकीचे तसेच धरायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती पुढच्या पूर्ण दशकापर्यंत न्यायला जो आकडा लागेल तोच तेरावा. म्हणजे प्रत्येक पाकीट स्वतःचा टॅली पाठीवर घेऊन फिरत असतं! हे मी मागे उभ्या असलेल्या बाईंना शेवेच्या पाकिटावरच करून दाखवत होतो. बेरीज अर्ध्यावर असताना यंत्राने विचारलं, आप अभी यहाँ हैं? बाई एव्हाना दुसऱ्या खोक्याकडे गेल्या होत्या.

पण खरा प्रसंग चौथऱ्यावर घडला.

त्या चौथऱ्याखाली वजनकाटा असतो. तुम्ही तूर डाळ दाखवलीत की यंत्राला तिचं वजन ठाऊक असतं आणि चौथऱ्यावर तेवढंच वजन वाढलेलं त्याला हवं असतं. कमी वाढलं तरी बोंब, जास्त वाढलं तरी बोंब. सौ.ने दुकानात शिरण्याआधी बाहेरच्या ठेल्यावरून पावभर गिलकी घेतली होती. ठेलेवाल्याने वरून कोथिंबिरीची काडी टाकली होती. कापडी पिशवी तिने सवयीने चौथऱ्यावर ठेवली. दिवा लाल झाला आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, बॅगिंग एरिया में अनपेक्षित वस्तु है.

पिशवी उचलली. वस्तू हटवली गेली आहे, कृपया परत ठेवा. ठेवली. अनपेक्षित वस्तू. सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. भर बाजारात कोथिंबिरीपायी असा पंचनामा कोणाचा झाला नसेल.

मला मात्र त्या यंत्रात ओळखीचा माणूस दिसला. आमचे हेड कॅशियर थेट असेच होते. पाच रुपये कमी पडले तर ते फार बोलत नसत; खिशातून भरा आणि घरी जा. पण पाच रुपये जास्त निघाले की संपलं. सगळी बंडलं पुन्हा फोडायची, व्हाउचर पुन्हा लावायची, घड्याळाकडे कोणी बघायचं नाही. "कमी पडले ते तुमचे. जास्त आले ते कोणाचे?" या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसे. यंत्राचाही आक्षेप नेमका हाच होता. ही कोथिंबीर जास्तीची आली, ती कोणाची? आता इंदूरच्या भाजीबाजारात कोथिंबीर कोणाचीच नसते, ती वरून असते, हे त्याला कसं समजवायचं? हेड कॅशियर निदान फरक सापडला की चहा तरी मागवायचे.

दिवा बघून एक मुलगी धावत आली. गळ्यात कार्ड. पिशवीत न बघता तिने कार्ड टेकवलं, पडद्यावर दोन ठिकाणी बोट मारलं, दिवा हिरवा. तेवढ्यात तिसऱ्या खोक्याचा लाल झाला, तिकडे पळाली. तिथून पाचव्याकडे. परत आली तेव्हा मी विचारलं, पूर्वी तू त्या काउंटरवर असायचीस ना? म्हणाली, "हाँ अंकल. पहले बैठते थे, अब भागते हैं."

या उद्योगाची बरीच जाडी पुस्तकं निघाली असतील. मला या वाक्याच्या पुढचं त्यांत काही सापडेल असं वाटत नाही.

शेजारच्यांचे जावई सिअ‍ॅटलला असतात. त्यांचं म्हणणं, काका, हे काहीच नाही. तिथे अ‍ॅमेझॉनने जानेवारी 2018 मध्ये असं दुकान उघडलं, की खोकंसुद्धा नाही. छताला कॅमेरे, फळ्यांना वजनकाटे. उचला आणि चालू लागा, बिल मागाहून फोनवर. मी थक्क झालो. नंतर पुढची गोष्ट कळली. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही तऱ्हा काढून घ्यायचं ठरवलं आणि त्या जागी पडदा लावलेल्या हातगाड्या आणल्या. त्याच सुमारास बातम्या आल्या, की कॅमेऱ्यांनी टिपलेलं तपासायला भारतात हजारभर माणसं बसवली होती. कंपनी म्हणाली तसं नाही, ती माणसं यंत्राला शिकवतात, सगळी बिलं काही बघत नाहीत. असेल. पण सिअ‍ॅटलच्या साहेबाने दही उचललं की परत ठेवलं, हे आपल्याकडच्या एखाद्या पोराने चहाचा घोट घेत ठरवलं असेल, या कल्पनेने मला फार बरं वाटलं. बँकेत आम्ही याला बदली म्हणत असू. जागा तीच, गाव दूरचं.

आणि गिऱ्हाइकाला कामाला लावायची युक्ती काही आजची नाही. 1916 साली मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने पिगली विगली नावाचं दुकान काढलं. तोवर गिऱ्हाइकाने यादी द्यायची, नोकराने सामान काढून द्यायचं, आमच्या सियागंजच्या किराणा बाजारासारखं. याने लोकांच्या हातात टोपली दिली आणि म्हणाला, घ्या तुमचं तुम्ही. नोकराचं काम आपण घेतलं ते तेव्हा. पुढे 1937 मध्ये त्याने किल्ली फिरवली की माल पट्ट्यावरून चालत येईल असंही दुकान उघडलं, पण यंत्रं सारखी बिघडायची आणि ते बुडालं. नोकराचं काम करून आता शंभराहून जास्त वर्षं झाली, म्हणून बढती देऊन मुनीमजींचं दिलंय.

एखादा पोरगा थंड पेयाची बाटली दाखवतो, फोन टेकवतो, क्षणात बाहेर. त्याला हे यंत्र म्हणजे देव आहे, माझी तक्रार नाही. पैसे फोनवरून द्यायलाही नाही. पोहेवाल्याकडेसुद्धा तो चौकोन चिकटवलेला असतो. पण पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला तो स्वतः टाकतो, मला टाकायला लावत नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. मी बँकेत नवा लागलो तेव्हा, 1983 साली, कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला. यंत्रं कुठे आणि किती यायची, यावर मर्यादा घालून घेतल्या होत्या. आम्ही गेटवर घोषणा दिल्या, घसा बसवून घेतला. पुढे आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीत नोंदी करायचं, यंत्र आलं ते नव्या नवरीसारखं, वेगळ्या थंडगार खोलीत, आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. पण आलं ते विचारून आलं. इथे मला कोणी विचारलं? गिऱ्हाइकाची युनियन नाही, करार नाही, बसायला स्टूल नाही. ओव्हरटाइम तर सोडाच, वर कागदी पिशवीचे पैसे माझ्याकडूनच.

बिल झालं. दिवा हिरवा, टॅली बरोबर, यंत्राने आभार मानले. दाराशी गार्ड उभा. बिल घेतलं, चष्मा वर केला आणि पिशवीतली एकेक वस्तू बोटाने मोजायला लागला. म्हणजे कॅमेरा झाला, काटा झाला, मी झालो, ती मुलगी झाली, आणि शेवटी निकाल देणार खाकीतला भिया! मोजता मोजता त्याचं बोट थांबलं.

"बाबूजी, ये धनिया बिल में नहीं है."

मी तोंड उघडायच्या आत सौ. म्हणाली, "भिया, बाहर ठेले से गिलकी ली थी. ऊपर से दिया है."

गार्डने लगेच बिलावर पेनाने रेघ ओढली. मग पुन्हा पिशवीत डोकावून, कपाळाला आठी घालून म्हणाला, "मिर्ची नहीं दी उसने?"